काळं ते बोडीचं

यंदा मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, गावी गेलो होतो. आईच्या जुन्या लाकडी पेटीत झांजा शोधत होतो, त्या काही सापडल्या नाहीत. तळाशी बिस्किटांचा एक गंजका डबा मात्र हाती लागला. हलवला तर आतून आवाज आला, आणि बावन्न वर्षांचा मी तिथेच फतकल मारून बसलो. तो आवाज हातांनी माझ्याआधी ओळखला असावा. झाकण निघेना. चमचा घालून उचकटलं तेव्हा गंजाचा, राळेचा आणि कुठल्यातरी आटलेल्या पाण्याचा वास वर आला. आत माळ होती. कमळगट्ट्यांची, म्हणजे कमळाच्या सुक्या बियांची, एकशे आठ मण्यांची. काळीभोर आणि जराशी धुरकट.

आता माझ्यासारखा माणूस अशा वेळी काय करतो? गळ्यात घालून आरशापुढे उभा राहतो. बाराव्या वर्षी ही माळ माझ्या गुडघ्यापर्यंत लोंबायची. आता पोटावरच टेकली. मध्ये एवढा डोंगर उभा राहिलाय. मी डोळे वटारले, उजवा हात वर केला, आरशातल्या माणसाला जुना शाप दिला आणि खूप हसलो. हसता हसता मणी एकमेकांवर आपटले, तसे माझे कान टवकारले.

तो आवाज एका माळेचा नव्हताच कधी. तो अख्ख्या बोडीचा होता.

आंधळगावच्या बाजारापासून दोन कोसांवर आमचं गाव, आणि गावाच्या उगवतीला बोडी. बोडी म्हणजे लहान तळं. एका पारीवर, म्हणजे बांधावर, उभं राहून दुसऱ्या पारीवरच्या माणसाला शिवी दिली तर ती नीट पोचावी, एवढंच. तिच्यात पांढरं कमळ होतं. जिल्ह्यात बाकी ठिकाणी बहुतेक गुलाबी, आमचं दुधासारखं. फूल तीन-चार दिवसांत पाकळ्या टाकायचं, आणि माझ्या लेखी खरी मजा तिथून सुरू व्हायची. पाकळ्या गेल्या की मागे एक हिरवा डोडा उरतो, बागेतल्या झारीच्या तोंडासारखा. वरून सपाट, आणि त्या सपाटीवर पंधरा-वीस भोकं. प्रत्येक भोकात एकेक बी, डोळ्यासारखं वर बघत बसलेलं. भादव्यात पारीवरून पाहिलं की अख्खी बोडी आपल्याकडे टक लावून बघतेय असं वाटायचं. शाळा बुडवून पळताना तर फारच.

पुढे कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या सरांनी सांगितलं की कमळाचं कुळ अगदी लहान. जगभरात दोनच भावंडं. एक आपलं, आणि दुसरं पिवळं, समुद्रापार अमेरिकेत. पोयणी, म्हणजे कुमुदिनी, दिसायला बहीण वाटते, पण नात्यातली नाही. पोयणीचं फळ लाजून पाण्याखाली जातं, तिथेच पिकून फुटतं आणि मोहरीएवढं बी सोडतं. कमळ आपलं फळ पाण्याच्या वर, चारचौघांत धरून ठेवतं. मी वर्गात उभा राहून म्हणालो, "सर, म्हणजे कमळ आमच्यासारखं. मंचावर उभं राहिल्याशिवाय त्याला पिकताच येत नाही." वर्ग हसला. सरही हसले. मला खाली बसायला सांगितलं गेलं.

पण हे सगळं मला आधीच माहीत होतं. पारूमावशीनं शिकवलं होतं.

पारूमावशी ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, मोहल्ल्यातली. माझी सख्खी मावशी नव्हे. गावात सगळ्यांचीच मावशी. बोडीतली ढेस, म्हणजे कमळाचे कंद, चिखलातून पायाच्या अंगठ्यानं शोधून काढायची आणि बाजारात विकायची. डोंग्यात, त्या अरुंद होडीत, उभी राहिली की तिचा तोल पाहून आम्ही पोरं श्वास धरायचो. ती डोडे खुडून पारीवर फेकायची आणि आम्ही झडप घालायचो. बी बाहेर काढायचं, हिरवी साल नखानं सोलायची, आतला पांढरा गर दोन फाकांत उघडायचा. मधोमध एक इवलासा हिरवा कोंब. तो काढून फेकायचा, कारण तो कडू जहर.

"जीभ काढली का?" मावशी पाण्यातून ओरडायची.

"काढली!"

"तुही नाही रे, बियाची! तुही काढली असती तं गाव सुखी झालं असतं!"

तिचा एकच कायदा होता. हिरवं खा, पिवळट खा, पण काळं पडलं की त्याला हात लावायचा नाही. काळं ते बोडीचं. बी पिकलं की हिरव्याचं तपकिरी होतं, तपकिरीचं काळं, आणि इतकं टणक होतं की चावलं तर दात पडेल पण ते फुटणार नाही. पाणीसुद्धा आत शिरत नाही. डोडा सुकतो, त्याची भोकं सैल होतात, आणि बिया आत खुळखुळायला लागतात. मग हळूहळू देठाची मान मोडते, सगळ्या डोळ्यांनी डोडा खाली पाण्याकडे बघायला लागतो आणि एक दिवस बिया टाकून मोकळा होतो.

"तळाशी जाऊन निजते ते," मावशी सांगायची. "दोन सालं निजन, नाहीतं माह्या नातवाच्या नातवापर्यंत निजन. त्याले घाई नाही. जीभ आत हिरवीच रायते."

कार्तिकात सकाळी वारा सुटला की शेकडो सुके डोडे एकदम खुळखुळायचे. पारीवर धानाच्या पेंढ्यांचा ओलसर गोड वास, पाण्यावर बगळ्यांची पांढरी भांडणं, लांब आंबागडच्या बाजूला निळसर डोंगर, आणि मध्ये ती कोरडी खुळखुळ. पुढे मी कितीतरी सभागृहांत टाळ्या ऐकल्या. बोलूनच पोट भरतो मी. लग्नांत, समारंभांत, उद्घाटनांत माईक धरतो. पण एवढ्या एकजीव टाळ्या पुन्हा कानावर आल्या नाहीत.

आता गुन्ह्याकडे येतो.

त्या वर्षी मंडईच्या दंडारीत मला साधूमहाराजांचं काम मिळालं. दंडार म्हणजे आमच्याकडचं नाचगाण्याचं नाटक. मंडईच्या दिवशी भरदुपारी, जिलेबीच्या कढयांच्या आणि पाळण्यांच्या कलकलाटात उभं राहायचं. बऱ्याच पोरांना बायकांची कामं आली होती, मला थेट साधू. माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत. पण साधूला माळ हवी. माझा जोडीदार गुणवंता म्हणाला, बाजारातून प्लास्टिकची आणू. मी म्हणालो, प्लास्टिकचा साधू शाप काय देणार? साधूला कमळगट्टा पाहिजे. एकशे आठ गळ्यात, दंडावर दोन फेरे, मनगटांना वेगळे, आणि जटेतही खोवायला पाहिजेत.

तीन सकाळी मी आणि गुणवंता मावशीचा डोंगा तिला न विचारता घेऊन बोडीत गेलो. मावशी तेव्हा धानाच्या कापणीला जात होती. पिकलेला प्रत्येक डोडा आम्ही तोडला. मान मोडलेले, अर्धे रिकामे झालेले, काठावरचे, मधले. पोतं भरलं. चौथ्या सकाळी वारा आला आणि बोडी गप्प होती. ते माझ्या लक्षात आलं नाही. मी संवाद पाठ करत होतो.

गुणवंताच्या घरच्या चुलीत सायकलची तार लाल करायची आणि बियात खुपसायची. चर्रर्र आवाज यायचा, धूर यायचा, जळक्या साखरेसारखा वास यायचा. तार आरपार गेली की तिच्या टोकाला कधीकधी हिरवं काहीतरी चिकटून यायचं. आम्ही ते चुलीत झटकायचो. गुणवंताची बोटं भाजली, तो रडला, मी त्याला साधूच्या आवाजात आशीर्वाद दिला. शेवटी मेरूमणी राहिला. त्यासाठी सगळ्यात मोठं बी ठेवलं होतं. त्याला तार लावली की तारच वाकायची. दोनदा वाकली. मग आम्ही थोडी राळ तापवून ते बी माळेच्या टोकाला नुसतं चिकटवलं आणि वरून दोरा गुंडाळला.

मंडईच्या दिवशी काय रंगलो मी! अंगाला राख, तागाच्या दोरांची जटा, आणि चालताना अंगभर खुळखुळ. गावच्या कंजूष सावकाराचं सोंग घेतलेला पोरगा समोर थरथरत होता. मी हात वर केला आणि स्वतः रचलेला शाप दिला: "तुझ्या धानाला लोंबी येणार नाही! तुझी म्हैस तुला रेकून बाहेर काढेल! तुझा जावई तुला ओळख देणार नाही, आणि दिली तर जन्मभर घरी मुक्काम करेल!"

लोक लोळत होते. सगळ्यांत मोठा आवाज पारूमावशीचा. पदर तोंडात घालून हसत ती पुढे पुढे सरकत होती. मी जोर केला, छाती पुढे काढली, माळ उचलून धरली. आणि मावशीचा पदर तोंडातून खाली आला. तिनं माळ पाहिली. मग माझे दंड पाहिले, मनगटं पाहिली, जटा पाहिली. सगळे हसत असताना एकटी ती हिशोब लावत असल्यासारखी उभी होती. मी मान दुसरीकडे वळवली आणि आणखी तीन शाप दिले.

खेळ संपल्यावर ती जवळ आली. माळेतला एक मणी चिमटीत धरून फिरवला. भोकावरून अंगठा नेला.

"सगळं काढलं का रे?"

"नाही मावशी! तिकडं त्या कोपऱ्यात भरपूर हाय," मी म्हणालो. साधूच्याच आवाजात.

तिनं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या गालावरची राख पुसली आणि म्हणाली, "चांगलं बोलते माह्यं लेकरू. महाराजच झालं." तेव्हापासून ती मला महाराजच म्हणते.

नंतर बोडीचं काय झालं, कोण चुकलं, कशाआधी काय झालं, हे मी नीट सांगू शकत नाही. मी शिकायला बाहेर गेलो. बोडीत गवत खाणारा मासा आला. एका उन्हाळ्यात तळ दिसला आणि गाळ ट्रॅक्टरनं वाहून नेला. दर सुट्टीत पानं कमी दिसायची. एका सुट्टीत आईनं ढेसाची भाजी केली नाही, आणि मी ते विचारलंही नाही. पाणी राहिलं. वर काहीच उभं नाही असं पाणी.

तर यंदा, माळ खिशात घालून मी मावशीकडे गेलो. ती आता खूप थकली आहे. दारात उन्हाला बसली होती, शेजारी तिची सून निर्मला तांदूळ निवडत होती.

"कोन?"

"शाप देणारा," मी म्हणालो.

"या महाराज! पोट लय वाढलं म्हणते निर्मला."

"मावशी, ते पोट नाही. एवढी वर्षं गिळलेले संवाद हायेत."

ती हसली, पण नजर माझ्या जरा बाजूला लागलेली. निर्मलानं हळूच सांगितलं, एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं, दुसऱ्याचं डॉक्टर करायला तयार नाहीत. मावशीनं ते ऐकलं.

"कायले कुजबुजून राहिली? आंधळी नाही झाली मी. पांढरं दिसते मले. बगळा दिसते. पोराचं धोतर दिसते. बाकी सारं चिखल." मग तिनं बोडीच्या दिशेनं हात केला. "पोरांनी तो मासा बंद केला आता. पाणी तसंच हाय, चिखल तसाच हाय. बी तेवढं नाही. पोरगा म्हणे, पवनी गावाकडून आणतो कमळ. गुलाबी असन ते. मले कायच्या कामाचं? आपलं पांढरं असतं तं एकडाव दिसलं असतं मले. हे दिसनं बी चाललंच हाय," तिनं डोळ्याकडे बोट नेलं, "जायच्या आधी."

आणि मी काय केलं असेल? उभा राहिलो. खिशातून माळ काढली. दोन्ही हातांनी उंच धरली. "मावशी!" मी गरजलो, "एक नाही, दोन नाही, एकशे आठ आणले! आपल्याच बोडीचे! शेकडो वर्षं निजून उठणारं बी हे, याला चाळीस वर्षं म्हणजे दुपारची झोप!"

निर्मलानं सूप खाली ठेवलं. मावशीचे दोन्ही हात पुढे आले. मी माळ त्यांत ठेवली, आणि ठेवता ठेवता माझी बोटं दोऱ्यावर अडकली. तो दोरा ज्यातून गेला होता, ते मला तेव्हा आठवलं.

मावशीनं पहिला मणी चिमटीत घेतला. "भोक," ती म्हणाली. दुसरा. "भोक." तिसरा. "भोक." जप करावा तशी ती एकेक मणी पुढे सरकवत गेली. मी बसलो. निर्मला माझ्याकडे बघत होती, मी तांदळांकडे. "राहू दे ना मावशी," मी म्हणालो. तिनं ऐकलं नाही. भोक, भोक, भोक. शंभराच्या पुढे गेल्यावर तिची बोटं थांबली. राळ खरवडली. बी गोल फिरवलं, दोन्ही टोकं चाचपली.

"याले नाही."

मेरूमणी! त्या क्षणी मी गुणवंताच्या वाकलेल्या तारेला मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला.

मावशीनं ते बी उंबऱ्याच्या दगडावर घासायला घेतलं. बोथट टोक खाली धरून, हलक्या हातानं. "आत पांढरं दिसलं की सांग. त्याच्या पुढं एकडाव बी घासायचं नाही." निर्मला वाकून बघत राहिली. "दिसलं आई!" मग स्टीलच्या गिलासात बोडीचं पाणी आणलं आणि बी त्यात सोडलं. टण् करून ते तळाला गेलं.

"बुडलं," मावशी म्हणाली. "जित्तं असन."

माळ तिथेच ठेवून मी नागपूरला परतलो. रोज फोन करायचो. तिसऱ्या दिवशी बी फुगून दुप्पट झालं. मी इकडे घरात नाचलो. पाचव्या दिवशी साल जरा तडकली. एका लग्नात माईक हाती असताना मी नवरा-नवरीला "कमळासारखं फुटा" असा आशीर्वाद दिला, लोक गोंधळले. नवव्या दिवशी निर्मलाचाच फोन आला, हळू आवाजात.

"भाऊजी, बी नासलं. वास येऊन राहिला होता. एका बाजूनं भाजल्यासारखं काळं होतं आतून."

तार दोनदा वाकली होती. वाकायच्या आधी लाल होती.

"मावशीला?"

"नाही सांगितलं. माळेतलं एक काढून टाकलं गिलासात. त्यायले कुठं दिसते? भाऊजी, तुमी बी काही बोलू नोका."

मला बोलू नका म्हणणारे आयुष्यात पुष्कळ भेटले. यावेळी पहिल्यांदा ऐकलं. फोनवर मी विचारायचो, "मावशी, फुटलं का?" निर्मला मागून सांगायची, "फुगून राहिलं, आई!" मावशी म्हणायची, "फुटन, फुटन." बरे चालले होते आमचे प्रयोग.

गेल्या रविवारी मावशीनं स्वतः फोन लावून घेतला, शेजारच्या पोरीकडून.

"निर्मला बोडीवर गेली हाय धुणं घेऊन. म्हणून बोलून राहिली. गिलासातलं ते तुह्या माळेतलं हाय."

मी फोन कानाशी आणखी दाबला.

"रोज पाणी बदलवते ना मी. भोक बोटाले लागते. निर्मलाले नोको सांगू. रोज सांगते मले, फुगलं, फुगलं. लय मन लावून सांगते. तुह्यापेक्षा चांगलं काम करते."

"मावशी," मी म्हणालो, आणि तो माझाच आवाज होता, कुठल्याच सोंगाचा नाही. "त्या मंडईला मी खोटं बोललो होतो. कोपऱ्यात काही नव्हतं. सगळं काढलं होतं आम्ही."

"मालूम हाय. त्याच दिवशी डोंगा घेऊन पाहून आली होती मी."

"मग बोलली काहून नाही? मारलं काहून नाही मले?"

"राख लागली होती तुह्या तोंडाले. लोकं हसून राहिले होते. मी बी किती हसली होती. वाटलं, पुढच्या साली कमळ येईन अजून. थांब जरा, पाणी बदलवते."

फोन तिनं कुठेतरी खाली ठेवला असावा. पाणी ओतल्याचं ऐकू आलं. मग नवं पाणी भरल्याचं. मी कान लावून बसलो. कार्तिकातली सकाळ होती, तिकडे वारा असेलच.

मग गिलासात मणी पडला. टण्.

एकच.